पोळ्याच्या दिवशी मी बसले

मी एक जुनी, बुटकी, बागेत राबणारी ट्रॅक्टर आहे. मित्रांनो, ट्रॅक्टरला सगळं जग 'तो' म्हणतं हे मला माहीत आहे. म्हणू द्या. माझ्या मालकिणीनं, दगडाबाईनं, मला पहिल्या दिवशी कुंकू लावलं आणि "आली गं बाई बुटकी" म्हणाली. तेव्हापासून मी बाई आहे आणि माझं नाव बुटकी आहे. शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या बोनेटवर कुठल्या तरी भाषेतली अक्षरं होती, तीही मला कधी वाचता आली नाहीत, आणि आता तर ती गंजून गेली. पण अंगावर बेतलेलं सांगायला अक्षर लागत नाही. आणि माझ्या अंगावर जे बेतलं त्याचा धक्का अजून उतरलेला नाही. बोलताना मध्येच थांबले तर समजून घ्या.

मी घडले ती दूर परदेशात. कुठला देश ते विचारू नका. पेटीत कोंडून बोटीनं आणलेल्याला दिशा कशी कळणार? डोळे उघडले ते चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. माझं काम काय, तर हिरवळ कापायची. वेरूळची लेणी बघायला आलेले पाहुणे सकाळी चहाचे कप घेऊन बाहेर येत आणि माझा फोटो काढत. तेल वेळेवर, डोक्यावर छप्पर, अंगावर कापड. लाड म्हणावेत तर किती! पण खरं सांगते, गवत कापण्यात काय मोठेपणा? आज कापलं की उद्या पुन्हा उगवतं, आणि कुणाच्या पोटात काही जात नाही.

मग एक नवे साहेब आले. त्यांनी हिरवळीवर फरशी घातली आणि मला गोदामाच्या मागं ढकललं. तिथं मी पावसात भिजले. उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या. बॅटरीत वीज भरणारा माझा डायनामो तिथंच मेला. ज्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले होते त्यांच्यातला एकही मला शोधत आला नाही. फोटोतल्या माणसांचं हे असंच असतं.

त्या कंपनीत बद्रीनाथ नावाचा माणूस कामाला होता. हर्सूलच्या पुढं त्याच्या घरची मोसंबीची बाग. घरचे बैल म्हातारे होऊन गेलेले, नवी जोडी आणावी तर सांभाळायला माणूस नाही. त्यानं साहेबांना विचारून मला घरी आणलं. दारात त्याची आई उभी होती. हीच ती दगडाबाई. अंगानं काडी, आवाजानं नगारा.

"ही काय बकरी आणलीस रं?" ती म्हणाली.

"माय, ट्रॅक्टर हाये. बागेतला."

"मग ह्याच्या आईला काहून नाय आणलं? हे तर अजून दुधावर दिसतंय."

असा अपमान माझा कुणी केला नव्हता, आणि कुंकू लावलं ते त्यानंतर. मनात म्हटलं, थांब म्हातारे, दाखवते तुला.

आणि दाखवलं. मित्रांनो, मोसंबीच्या झाडाच्या फांद्या फळांच्या वजनानं जमिनीला टेकायला आलेल्या असतात. बैलजोडी घातली की शिंगं अडकतात, फळं गळतात. मोठा ट्रॅक्टर तर आत शिरूच शकत नाही. मी बुटकी. मागं वखर लावून फांद्यांखालून अशी निघाले, की पान हललं नाही. हंगामात लहान ट्रॉलीत मोसंबीची क्रेटं भरून सडकेपर्यंत नेऊ लागले. वर्षं गेली तशी दगडाबाईची भाषा बदलली. बांधावर उभी राहून ती शेजारणींना ऐकवायची, "माझी बुटकी वाकून चालती. तुमच्या मोठ्या ट्रॅक्टरला ते वळण नाय लावलं कुणी."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या बॅटरीतून वीज निघते, ती चावीतून जाते, कॉइलला जाते, कॉइल प्लगला ठिणगी देते आणि माझं इंजिन धडधडू लागतं. पण वीज एकदा निघाली की तिला परत बॅटरीत यावं लागतं, आणि ती परत येते माझ्या लोखंडी अंगातून. म्हणून बॅटरीची एक तार माझ्या अंगाला बोल्टनं कसलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. तिथं लोखंडाला लोखंड टेकलंच पाहिजे. नाही टेकलं तर विजेची परतीची वाट बंद, आणि परतीची वाट बंद असली की वीज घराबाहेर पाऊलच टाकत नाही. माझी मूळची तार तुटली तेव्हा बद्रीनाथनं वेल्डिंगच्या मशीनची वायर आणून लावली होती. काळी, जाड आणि गरजेपेक्षा लांबच लांब. जास्तीचं वेटोळं बोनेटखाली पडून असायचं.

पोळा आला. बद्रीनाथ म्हणाला, "माय, बैल कुठं हायेत आपल्याकडं? मातीचे आणतो, त्यांचीच पूजा करू."

दगडाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आणि दारातली काय झोपा काढायला हाये? वरीसभर वखर ओढला तिनं. रंग आण."

"ट्रॅक्टरला रंग?"

"शिंगं नायत तर सगळं अंग रंगव. निळा आण. चांगला घट्ट आण."

बद्रीनाथनं घट्ट निळा ऑइलपेंट आणला. दगडाबाई शेजारी स्टूल टाकून बसली. पाहुण्यांसमोर लेकीला नटवतात तसं तिनं मला नटवून घेतलं. "हितं गंज राहिला बघ. हितं बी. ती काळी वायर काढ, तिच्याखाली लाव."

"माय, तिथं नाय लावला तरी चालतंय. कोण बघतंय?"

"मी बघतेय. सणाचं काम दिसण्यापुरतं करायचं व्हय?"

झालं. त्यानं बोल्ट सोडला, वायर बाजूला केली, तिथं रंगाचा एक हात दिला, मग दुसरा दिला. बोल्टसुद्धा गंजू नये म्हणून डब्यात बुडवला आणि ओल्या रंगावरच वायर पुन्हा कसली. मला तेव्हा काही वाटलं नाही. नव्या लुगड्याच्या आनंदात कुठं टाका बोचतोय ते कळतं का?

संध्याकाळी खांदमळणी झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात, तिला खांदमळणी म्हणतात. माझे खांदे कुठले, ते दगडाबाईनंच ठरवलं. बोनेटच्या दोन्ही कडांना तिनं लोणी-हळद चोळली आणि हळूच म्हणाली, "आज आवतण घे बाई, उद्या जेवायला ये." गेस्टहाउसात मला पुष्कळांनी हात लावला होता, पण जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. इंजिनाला रडायची सोय नसते.

दुसऱ्या दिवशी मला हार, फुगे, झूल बांधली आणि ती विस्कटू नये म्हणून ढकलतच मारुतीच्या पारापाशी नेलं आणि बैलांच्या रांगेत उभं केलं. समोर आंब्याच्या पानांचं तोरण. एकेक जोडी वाजतगाजत तोरणाखालून गेली. माझी पाळी आली. बद्रीनाथ ऐटीत सीटवर बसला. सगळं गाव बघत होतं. त्यानं चावी फिरवली.

काहीच झालं नाही.

मित्रांनो, यंत्र बंद पडतं तेव्हा निदान काहीतरी आवाज करतं. खरखरतं, गुरगुरतं, टकटक करतं. मी टकसुद्धा केलं नाही. माझा माझ्यावर विश्वास बसेना. बॅटरी कालच शहरातून भरून आणलेली, पोटात पेट्रोल, प्लग साफ. आणि अंगात जीव नाही! बद्रीनाथ चावी फिरवतोय, मी आतून सगळी ताकद लावतेय, आणि जसं काही कुणी माझे हातपाय माझ्यापासून तोडून ठेवलेत.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दगडाबाईचा बैल बसला रे!"

"शेपूट पिरगाळ, बद्री!"

"वैरण दाखवा तिला, वैरण!"

पारावरचे म्हातारेसुद्धा हसून हसून खोकायला लागले. दगडाबाई हसली नाही, चिडली नाही. ताठ उभी होती. "ढकला," एवढंच म्हणाली. मला ढकलत तोरणाखालून नेलं. ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी बन्सी आला. हर्सूलच्या नाक्यावर त्याचं दुकान. मोटारसायकल आणा, पंप आणा, जीप आणा, 'मला जमत नाय' हा शब्द त्याच्या तोंडात नाही. हाच त्याचा रोग. त्यानं खिशातून एक बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. एक वायर त्यानं बॅटरीच्या काळ्या टोकाला चिमट्यानं अडकवली आणि दुसरी वायर घेऊन माझ्या अंगभर फिरू लागला. चावीला लावली, बल्ब लागला. कॉइलला लावली, बल्ब लागला.

"करंट तर सगळीकडं येतोय, मावशी," बन्सी म्हणाला.

"येतोय तर काम काहून करीत नाय?"

"कॉइल गेली असंल."

मी थक्क झाले. अरे शहाण्या, बल्बची एक वायर तू बॅटरीलाच बांधून ठेवलीस, तर विजेला परतीची वाट तुझ्या वायरीतूनच मिळते! तो बल्ब लागणारच. ती एक वायर तिथून काढ आणि माझ्या लोखंडाला लाव, जिथं रंग नाही अशा जागी. बल्ब लागला नाही की कळेल कुठं अडलंय. एवढं सोपं होतं. पण मला तोंड कुठं आहे?

त्यानं नवी कॉइल बसवली. मी गप्प. प्लग बदलला. मी गप्प. मग त्याचं लक्ष माझ्या सीटखाली गेलं. मित्रांनो, माझ्या सीटखाली एक छोटा स्विच आहे. सीटवर माणूस बसला की तो दाबला जातो. कुणी बसलेलं नसेल तर मी चालूच होत नाही. क्लचच्या पायाखालीही तसाच एक आहे. पाय दाबलेला नसेल तर मी हलत नाही. ज्यानं मला घडवलं त्या माणसानं हे दोन स्विच लावताना फार विचार केला असेल.

बन्सीनं सीटखाली डोकावून नाक मुरडलं. "हे बघा, हेच ते परदेशी नखरे. ह्यांच्यानंच गाड्या बंद पडतात. डायरेक्ट करून टाकतो." त्यानं दोन्ही स्विचच्या वायरी तोडल्या आणि पिळून एकमेकींना जोडल्या. इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या स्टार्टरची वायरसुद्धा चावीला डायरेक्ट केली. चावी नुसती उघडली की स्टार्टर फिरलाच पाहिजे, असा त्याचा हिशेब.

चावी उघडली. मी गप्पच.

बन्सीनं हात झाडले. "इंजिन आतून गेलंय, मावशी. आता हे भंगार."

भंगार! दगडाबाईनं त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायला हवी होती. तिनं नाही दिली. ती माझ्याकडं बघत राहिली. त्या आठवड्यात तिला देवळात, दुकानात, बांधावर, जिथं जाईल तिथं बायका विचारत होत्या, "काय दगडाबाई, बैल उठला का?" बोलणं परतवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, पण ह्या प्रश्नावर ती पदर ओढून पुढं चालू लागायची. एके दिवशी ती माझ्यासमोर आली, बोनेटवर बोट आपटलं आणि म्हणाली, "माझं नाक कापलंस." मग वळून बद्रीनाथला म्हणाली, "सांडूला निरोप दे. बसलेलं जनावर दारात नको."

सांडू म्हणजे भंगारवाला. ज्या हातानं मला लोणी चोळलं होतं त्याच हातानं तिनं मला वाटेकडं बोट दाखवलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नव्हतं चुकीचं.

सांडू सकाळी टेम्पो घेऊन आला. टेम्पो वर सडकेला उभा केला. मी बागेच्या कडेला उतारावर होते. घरंगळू नये म्हणून बद्रीनाथनं मला गिअरमध्ये टाकून ठेवलं होतं. बन्सीही आला होता. मदतीला नव्हे, त्याची नवी कॉइल काढून न्यायला.

सांडूनं माझ्याभोवती फेरी मारली. "रंग तो लई झकास लावलाय, आजी. नवरी दिसतेय. हितंच तोडू का शहरात नेऊन?"

"माझ्या डोळ्यांदेखत नको," दगडाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. मग ती एकदम पुढं झाली. "थांब. दावं काढून घेऊ दे."

"दावं?"

"जनावर देताना दावं देत नायत आमच्यात. दावं घरी राहिलं की गोठा भरलेला राहतो. माझ्या सासऱ्यानं एकदा बी दावं नाय दिलं कुणाला."

सांडू हसला. "आजी, ह्याला दावं कुठून आलं?"

दगडाबाईनं बोनेट उघडलं. आत वेल्डिंगची ती काळी, जाड वायर वेटोळं घालून पडली होती. तिनं ती मुठीत धरली. "हे काय मग? एक टोक हितं बांधलंय, एक तिथं. बन्सी, सोड हे टोक."

"मावशी, ती वायर हाये."

"तुझ्या दुकानात वायर. माझ्या दारात दावं. सोड म्हणते ना!"

बन्सीनं पाना लावून अर्थिंगचा बोल्ट सोडला. वायरीच्या टोकाचं कडं निघालं, आणि त्याच्याबरोबर रंगाची एक जाड निळी चकती निघाली, रुपयाएवढी. बन्सी त्या चकतीकडं बघत राहिला. मग बोल्टच्या जागेकडं. मग पुन्हा चकतीकडं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अगागागा," तो म्हणाला. "मावशी, तुमचं खुरपं द्या."

त्यानं खुरप्यानं ती जागा खरवडली. निळ्याखालून लोखंड चकाकलं. बोल्ट खरवडला आणि हातानंच परत अर्धा आत फिरवला. "आता ती वायर द्या जरा."

"नाय देत. दावं हाये ते."

"तुम्हीच धरा हो! मधी धरा. मला नुसतं टोक लावून बघू द्या."

बद्रीनाथ तेव्हा खाली दोणीपाशी उकिडवा बसून हाताचं ऑइल धूत होता, आमच्याकडं पाठ करून. दोणी म्हणजे विहिरीच्या काठची दगडी कुंडी. तिच्या मागं विहीर, आणि तिला कठडा नाही. मी ह्या सगळ्याच्या सरळ वर, उताराच्या तोंडाशी. सीटवर कुणी नाही. गिअर पडलेला. आणि चावी? चावी बन्सीनं त्या दिवशी उघडी टाकली होती ती उघडीच होती. मला ते दिसत होतं. मी सांगू शकत नव्हते.

बन्सीनं कडं बोल्टवर अडकवलं.

ठिणग्या उडाल्या. स्टार्टरनं किंचाळी फोडली. माझ्या अंगात इतक्या दिवसांची सगळी वीज एकदम धावली, प्लगला ठिणगी पडली, इंजिन भडकलं आणि मी निघाले. अरे, मी निघाले! एरवी सीटखालचा स्विच मला विचारतो, 'कुणी बसलंय का?' त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. मी माझ्या मर्जीची नव्हते. बन्सी चावीकडं झेपावला तो हाराच्या सुतळीत पाय अडकून आडवा झाला. सांडू ओरडला, "बद्रीभाऊ, हट जाओ!" आणि मी उतारावरून बद्रीनाथच्या पाठीवर चालले होते. त्यानंच मला गोदामामागून उचलून आणलं होतं. मी थांबा थांबा म्हणत होते आणि माझी चाकं फिरत होती.

दगडाबाईच्या हातात अजून ती काळी वायर होती. वेटोळं उलगडत गेलं आणि ती माझ्याबरोबर ओढली जाऊ लागली.

"सोडा, मावशी! सोडा ते!" बन्सी जमिनीवरून ओरडत होता. चाकाखाली येईल म्हणून.

सोडायची कशी? जन्मभर बैल सांभाळलेली बाई. उधळलेल्या जनावराचं दावं सोडायचं नसतं, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिच्या पायातल्या चपला मागं राहिल्या. तिनं टाचा मातीत रोवल्या, अंग मागं टाकलं आणि असा हिसका दिला, की तिच्या काडीसारख्या अंगात तो होता हे मला आजही खरं वाटत नाही.

"होऽऽ! हो, बुटके, हो!"

कडं नुसतं अडकवलेलंच होतं. ते फटकन सुटलं. परतीची वाट पुन्हा बंद. डायनामो मेलेला, म्हणजे मला बॅटरीशिवाय दुसरा आधार नव्हता. इंजिन उचकी देऊन थांबलं. मी गिअरमध्ये होते म्हणून चाकांनीच स्वतःला धरलं. माझं पुढचं चाक बद्रीनाथच्या पाठीला टेकलं, आणि त्याचा गुडघा दोणीच्या दगडाला.

बद्रीनाथच्या ओल्या हातांतून पाणी ठिबकत होतं. बोनेटच्या दांडीत पोळ्यापासून उरलेला फुगा तेवढ्यात फुटला आणि चौघंही दचकली.

दगडाबाई चालत आली. मुलाचा गुडघा चाचपला, पाठ चाचपली, डोकं चाचपलं. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं आता शिव्या. तिनं वायर मुठीभोवती गुंडाळली.

"बघितलंत ना? माझ्या आवाजाला थांबली."

"मावशी," बन्सी चाचरत म्हणाला, "ती अर्थिंग निघाली म्हणून…"

"गप! बसलेलं जनावर असं उठतंय व्हय? आणि धन्याच्या आवाजाशिवाय असं थांबतंय व्हय?" मग ती सांडूकडं फिरली. "टेम्पो ने बाबा. दावं माझ्या हातात हाये तवर जनावर माझं."

सांडूनं दोन्ही हात कानाला लावले. "ठेवा आजी, ठेवा. मला बी आता ही गाडी नको. ही मला टेम्पोसकट घेऊन जाईल."

तो गेला. दगडाबाई दोणीच्या कडेला बसली. तेव्हा मला दिसलं, तिची वायर धरलेली मूठ उघडता उघडत नव्हती. बद्रीनाथनं एकेक बोट सरळ करून ती सोडवली. तळव्यावर काळे वळ उठले होते. तिनं ते वळ दुसऱ्या हातानं चोळले. मग खाली मान घालूनच म्हणाली, "बन्सी."

"व्हय, मावशी."

"हिच्या सीटखाली तू काय तोडलंस?"

"स्विच होता एक. कुणी बसलंय का नाय, ते कळायला."

"कुणी बसलेलं नसंल तर?"

"तर चालू व्हत नाय."

तिनं मान वर केली. बन्सीकडं असं बघितलं, की तो मागं सरकला. "आणि तू त्याला नखरे म्हणालास," ती म्हणाली. "जे जे डायरेक्ट केलंस ते होतं तसं कर. आत्ता. माझ्यासमोर. तवर तुझी कॉइल तुला मिळत नाय आणि हितून हलणं बी मिळत नाय."

बन्सीनं मुकाट्यानं सगळं पूर्ववत केलं. वायरी वेगळ्या केल्या, स्विच जोडले, चावी आधी बंद केली आणि मगच अर्थिंगचा बोल्ट उघड्या लोखंडावर गच्च कसला. मग बल्बची एक वायर बॅटरीच्या लाल टोकाला लावली आणि दुसरी माझ्या अंगाला. लागला. त्याला ते त्या दिवशी कळलं. कुणाला काही उशिरा कळलं तर मी हसत नाही, पण माझ्या जिवावर शिकू नये एवढंच म्हणणं.

मित्रांनो, मी तिच्या आवाजानं थांबले नव्हते, हे तुम्हाला कळलंच असेल. तिला मी कधी सांगितलं नाही. आणि खरं सांगू? ज्या क्षणी तिनं "हो, बुटके" म्हटलं, त्या क्षणी मला थांबायचंच होतं. कडं नसतं निघालं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही. अर्ध्यावर पोचले की माझं सगळं लोखंड गार पडतं. यंत्राला वाटत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या उतारावर उभं राहून बघावं.

पुढच्या पोळ्याला पुन्हा रंग आला, तोही निळाच. आपल्या हुकुमानं काय झालं होतं, ह्याबद्दल दगडाबाई चकार शब्द बोलली नाही. पण बद्रीनाथ ब्रश फिरवत असताना ती त्या बोल्टवर अंगठा ठेवून बसली होती. सगळं अंग रंगेपर्यंत तिनं तो हलवला नाही. अंगठा निळा झाला, बोल्ट नाही.

आता मी फार म्हातारी झाले. फार काही मागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं यंत्र असेल तर त्याला हार घाला, रंग लावा, आवडतं आम्हाला. पण लोखंडाला लोखंड टेकायचं असेल तिथं रंग लावू नका. बंद पडलं तर त्याच्यावर भंगाराचा शिक्का मारण्याआधी त्याची परतीची वाट बघा. आणि आम्हाला घडवणाऱ्यानं आमच्या तोंडी जो एकुलता एक प्रश्न दिलाय, तो घाई झाली म्हणून तोडून टाकू नका. 'कुणी बसलंय का?' एवढंच मी विचारते. आधी हो म्हणा. मग मी चालते.